ट्रॉलीची बॅटरी भरत का नव्हती?



आपल्या विज्ञान मंडळाची दोन चाकांची ट्रॉली तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. दुर्बीण, प्रोजेक्टर, पडदा, लहान ध्वनिवर्धक आणि १०० अँपिअर-तासांची एक १२ व्होल्टची बॅटरी एवढा संसार तिच्यात भरायचा, ती जीपला जोडायची आणि खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावी जाऊन तिथल्या मुलांना आकाश दाखवायचे, हा आमचा हिवाळ्यातला ठरलेला कार्यक्रम. गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या गावी आमची फजिती झाली. जांबोटीच्या पलीकडचे गाव, शाळेच्या पटांगणात दीडदोनशे माणसे बसलेली, पडद्यावर शनीची कडी आली आणि इन्व्हर्टर टीं टीं करून गप्प झाला. सव्वा तासात सगळे आटोपले. ज्या मुलांची दुर्बिणीपाशी रांग लागली होती त्यांना कंदिलाच्या उजेडात काय ते दाखवले. पण पुढच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी "एवढंच व्हय?" असे विचारले, ते आमच्या मनातून जाईना.

परत येताना जीपमध्ये एकच चर्चा. बॅटरी गेली, नवी घ्यावी लागणार. खर्च दहा हजारांच्या पुढे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून तो करायचा असे जवळजवळ ठरलेही. खरे सांगायचे तर त्याच्या आदल्या वर्षीही आम्ही असेच केले होते. एक बॅटरी 'खराब' म्हणून भंगारात दिली आणि ही नवी आणली होती. वर्षभरात दुसरी बॅटरी जाते म्हणजे काय, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही. तो पडला गॅरेजवाल्या मामांना. "बॅटरीला कशाला दोष देताय ओ सर? तिला जेवायला मिळतंय का ते आधी बघा की," असे ते म्हणाले. हा लेख म्हणजे त्यानंतरच्या दोन शनिवारांत नववी-दहावीच्या मुलामुलींबरोबर आम्ही जे शिकलो त्याची हकिकत आहे. ओहमचा नियम तुम्ही पुस्तकात वाचला आहेच. तो जीप आणि ट्रॉलीच्या मधल्या वायरीत कसा राहतो ते इथे पाहू.

आधी रचना समजून घ्या. जीपचे इंजिन सुरू झाले की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर, ज्याला गॅरेजात अजूनही डायनामो म्हणतात, सुमारे १४ व्होल्टने वीज देतो. ही वीज जीपच्या बॅटरीला जाते. तिथून एक वायर मागच्या सॉकेटपर्यंत, सॉकेटातून प्लगमार्गे ट्रॉलीत आणि ट्रॉलीच्या बॅटरीच्या धन टोकाला. ही झाली जाण्याची वाट. परत येण्याची वाट म्हणजे ट्रॉलीच्या बॅटरीचे ऋण टोक, ट्रॉलीची लोखंडी चौकट, तिथून जीपची चौकट आणि शेवटी जीपच्या बॅटरीचे ऋण टोक. पुष्कळांना जाण्याची वाट तेवढी दिसते. परतीची वाट कोणी बघत नाही, कारण तिथे लाल वायर नसते.

आता बॅटरीविषयी चार शब्द. शिसे-आम्लाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली बनवली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ घट असतात, प्रत्येकाचे विभवांतर साधारण २.१ व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवून मोजली तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उरली. १२ च्या खाली गेली म्हणजे तळ दिसू लागला. 'नुसती ठेवून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आत्ताच चार्जरवरून काढलेली बॅटरी खोटा चढा आकडा दाखवते आणि भार चालू असताना खोटा उतरता. ती भरायची असेल तर तिच्या टोकांवर तिच्यापेक्षा जास्त विभवांतर, म्हणजे १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास, पोहोचले पाहिजे. उतारावरून पाणी येते तसे हे आहे, आणि उतार फार थोडा आहे. १४.२ आणि १२.२ यांत फक्त २ व्होल्ट! वाटेत एक-दीड व्होल्ट हरवला की उताराची सपाटी झाली.

पहिल्या शनिवारी आम्ही बॅटरी सोडवून प्रयोगशाळेत आणली. आदल्या दिवशी ती विजेच्या चार्जरवर पूर्ण भरून ठेवली होती. सकाळी मीटर लावला, १२.६५ व्होल्ट. मग मामांनी दिलेले हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब तिला जोडले. ५५ भागिले १२ म्हणजे प्रत्येकी सुमारे ४.६ अँपिअर, दोन्ही मिळून ९ च्या वर. तासभर बल्ब जळत ठेवले. बॅटरी १२.३ च्या खाली गेली नाही. ज्या बॅटरीला आम्ही मरणाची शिक्षा ठोठावली होती ती ठणठणीत होती. त्या क्षणी आम्हा शिक्षकांना आदल्या वर्षीची भंगारातली बॅटरी आठवली. तिची अशी चाचणी आम्ही केलीच नव्हती. ती खरोखर खराब होती की नाही, हे आता कळायला मार्ग नाही.

मग जीपकडे वळलो. इंजिन बंद असताना जीपच्या बॅटरीवर १२.६, सुरू केल्यावर १४.२. म्हणजे डायनामो ठीक. प्लग काढून जीपच्या मागच्या सॉकेटात मीटरची टोके लावली, १४.१. मुलांनी टाळ्या वाजवल्या, "सर, इथपर्यंत वीज येते आहे!" आम्हीही मान डोलावली. चूक तिथेच होती आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून केली.

याचे कारण नीट समजून घ्या, कारण घरातल्या वायरिंगपासून ट्रॅक्टरपर्यंत हीच चूक होते. डिजिटल मीटर जवळजवळ धाराच घेत नाही, कारण त्याचा रोध कोट्यवधी ओहम असतो. ओहमचा नियम सांगतो की वाटेत हरवणारे विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. धाराच नगण्य असेल तर मधला सांधा कितीही गंजलेला असो, गुणाकार शून्याजवळच येणार. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शाबूत असली तरी मीटर ऐटीत १४.१ दाखवेल. बंद नळामागे पाण्याचा दाब पुरा असतो. नळ उघडल्यावर नळीत केरकचरा आहे की नाही ते कळते. म्हणून मोजमाप नेहमी धारा वाहत असताना करायचे.

जॉर्ज सायमन ओहम हे स्वतः शाळामास्तर होते, जर्मनीतील कोलोन शहरी गणित आणि भौतिकशास्त्र शिकवीत. त्यांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. त्या काळच्या बॅटऱ्या प्रयोग चालू असतानाच ढेपाळत, त्यामुळे त्यांची सुरुवातीची मोजमापे फसली. पुढे तांबे आणि बिस्मथ यांच्या सांध्याला उष्णता देऊन मिळणारी स्थिर वीज वापरल्यावर त्यांना नियम सापडला. बॅटरीने मास्तरांना चकवण्याची परंपरा जुनी आहे, एवढाच आमचा बचाव.

दुपारी प्लग पुन्हा जोडला. आता ट्रॉलीची बॅटरी मुद्दाम निम्मी रिकामी केलेली होती, १२.१ व्होल्ट. इंजिन सुरू केले. ट्रॉलीच्या बॅटरीवर मीटर लावला तर आकडा चढून १२.६ वर थांबला. जीपकडे १४.२ आणि ट्रॉलीत १२.६. मधले १.६ व्होल्ट गेले कुठे?

ते शोधण्याची रीत फार सोपी आहे. मीटरचे एक टोक जीपच्या बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे ट्रॉलीच्या बॅटरीच्या धन टोकाला लावायचे. मीटर जो आकडा दाखवील तेवढे विभवांतर जाण्याच्या वाटेत हरवते आहे. तसेच ऋण टोकापासून ऋण टोकापर्यंत. मीटरची वायर एवढी लांब नसते, म्हणून आम्ही घंटीच्या बारीक वायरचा दहा मीटरचा तुकडा जोडला. "एवढ्या बारीक वायरीने मोजमाप चुकणार नाही का?" असे एकाने विचारले. नाही चुकणार, कारण वर सांगितले तेच, मीटर धारा घेत नाही. जो गुण मघाशी आम्हाला फसवून गेला तोच इथे कामाला आला.

जाण्याच्या वाटेत ०.५ व्होल्ट, परतीच्या वाटेत १.१ व्होल्ट. बेरीज १.६. हिशेब तंतोतंत जुळला आणि फळ्यावरचा नियम पटांगणात खरा ठरलेला पाहून दहावीची मुले चक्क ओरडली. मामांनी आपला डीसी क्लॅम्प मीटर वायरीभोवती लावला, धारा ४ अँपिअर. तेव्हा जाण्याच्या वाटेचा रोध ०.५ भागिले ४, म्हणजे ०.१२५ ओहम, आणि परतीच्या वाटेचा १.१ भागिले ४, म्हणजे ०.२७५ ओहम. आकडे किती क्षुल्लक वाटतात! पाव ओहम म्हणजे काहीच नाही असे आपण म्हणतो. पण दोनच व्होल्टचा उतार असलेल्या वाटेवर पाव ओहम म्हणजे आडवा पडलेला धोंडा.

धोंडा परतीच्या वाटेत होता, पण नेमका कुठे? इथे नववीतल्या एका मुलीने असे काही सांगितले की जे आम्ही दोन वर्षे पाहत होतो आणि लक्षात घेत नव्हतो. "सर, ट्रॉलीचा इंडिकेटर लागला की मागचा लाल दिवा मिणमिणतो." ट्रॉलीतल्या सगळ्या दिव्यांची परतीची वाट एकच असते. ती वाट अरुंद असली की एका दिव्याची धारा दुसऱ्याला ढकलते. मिणमिणणारा दिवा हा खराब अर्थचा बोलका साक्षीदार असतो. गॅरेजवाले लोक त्यावरूनच ओळखतात. मामा गालात हसले. त्यांना हे बहुधा सकाळीच कळले असावे, पण त्यांनी मुलांना शोधू दिले. याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

मीटरचे एक टोक जीपच्या ऋण टोकावर ठेवून दुसरे टोक आम्ही पायरीपायरीने मागे नेले. जीपच्या चौकटीवर जवळजवळ शून्य. हूकच्या गोळ्यावर शून्यच. ट्रॉलीच्या दांड्यावर एकदम ०.४. ट्रॉलीच्या चौकटीवर तेवढेच. बॅटरीच्या ऋण टोकाची वायर चौकटीला जिथे बोल्टने आवळली होती त्या थिंबलवर १.१. म्हणजे दोष दोन. प्लगमधली अर्थची वायर आतून तुटलेली होती, त्यामुळे सगळी धारा हूकच्या ग्रीस लागलेल्या गोळ्यातून वाट काढत होती. दुसरा दोष मोठा. थिंबल आणि चौकट यांच्या मध्ये निळ्या रंगाचा जाड थर होता. तो रंग कोणी दिला? आम्हीच! दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या आधी ट्रॉली सुंदर दिसावी म्हणून बोल्ट सोडून, चौकट रंगवून, रंगावरच थिंबल पुन्हा आवळले होते. त्याच वर्षी पहिली बॅटरी 'खराब' झाली होती.

काचपेपरने चौकट चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन फासले म्हणजे पावसाळ्यात गंज नको. प्लगमधली वायर नवी केली. पुन्हा मोजले तेव्हा परतीच्या वाटेत १.१ च्या जागी ०.२ व्होल्ट आणि धारा ४ वरून ७ अँपिअर. खर्च वॉशरपुरता.

मग जाण्याच्या वाटेत किती हरवते? तिथे आता ०.५ ऐवजी ०.९ व्होल्ट दिसू लागले. काही मुले घाबरली, की दुरुस्ती करून बिघाड वाढला. तसे नाही. रोध तोच ०.१२५ आहे, धारा वाढली म्हणून गुणाकार वाढला. हा रोध कुठला ते पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने काढता येतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या १ मीटर तांब्याच्या वायरीचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम. आमची वायर दीड चौरस मिलिमीटरची, लांबी ८ मीटर, म्हणजे ०.०९२ ओहम. बाकीचा ०.०३३ फ्यूज आणि सांध्यांचा. वायर तुटलेली नाही, गंजलेली नाही, ती फक्त बारीक आहे. दिव्यांसाठी टाकलेल्या वायरीवर कोणीतरी बॅटरीचे ओझे टाकले होते. ती बदलून १० चौरस मिलिमीटरची टाकली तर रोध ०.०१४ च्या आत येतो.

दुसऱ्या शनिवारी आम्ही तेच केले, आणि परतीलाही चौकटीवर विसंबून न राहता तेवढ्याच जाडीची वायर ओढली. दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक फ्यूज बसवला. दोन कशाला? कारण या वायरीच्या दोन्ही टोकांना वीज आहे. मध्ये कुठे ती चौकटीला घासून उघडी पडली तर दोन्ही बाजूंनी धारा धावेल आणि वायर पेटेल. शिवाय मामांनी मध्ये एक रिले घातला, जो १३.३ व्होल्टच्या आसपास जोडतो आणि इंजिन बंद होऊन विभवांतर उतरले की सोडतो. त्यामुळे प्रोजेक्टर चालू असताना जीपची बॅटरी रिकामी होत नाही, आणि सेल्फ मारताना स्टार्टरची प्रचंड धारा ट्रॉलीच्या बॅटरीतून ओढली जात नाही. रिले असलेल्या गाडीत चार्जिंग होत नसेल तर इंजिन सुरू असताना त्याचा 'टक्' आवाज येतो का, हे आधी ऐकावे.

आता निम्म्या रिकाम्या बॅटरीला सुरुवातीलाच १८ अँपिअर मिळू लागले.

इथे एक जमाखर्च मांडून पाहा, म्हणजे तिसऱ्याच गावी अंधार का झाला ते कळेल. आमचा प्रोजेक्टर, ध्वनिवर्धक आणि दिवे मिळून सुमारे २० अँपिअर घेतात. दोन तासांचा कार्यक्रम म्हणजे ४० अँपिअर-तास खर्च. गाव दीड तासाच्या अंतरावर. ४ अँपिअरने दीड तास म्हणजे जमा ६. भरलेल्या १०० वरून निघालो. पहिल्या गावी उरले ६०, परत येताना ६६, पुढच्या खेपेला जाताना ७२. दुसऱ्या गावी उरले ३२, येता-जाता मिळून ४४. तिसऱ्या गावी ४० हवे होते, पण बॅटरी अगदी तळापर्यंत जाण्याआधीच इन्व्हर्टर हात वर करतो. ठोकळमानाने केलेला हा हिशेब आहे, तरी सव्वा तास बरोबर निघतो. मधल्या आठवड्यांत आम्ही एकदाही बॅटरी शाळेतल्या चार्जरवर लावली नव्हती. 'जीप चालते म्हणजे बॅटरी भरते' असे धरून चाललो होतो.

आणि दुरुस्तीनंतरही ते पूर्ण खरे नाही. बॅटरी भरत जाते तशी तिची धारा घेण्याची ताकद उतरते. १८ अँपिअरने सुरू झालेले चार्जिंग हळूहळू कमी होते, शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तर कित्येक तास लागतात. दीड तासाच्या रस्त्यात आम्हाला फार तर २४-२५ अँपिअर-तास मिळतात. म्हणून आता प्रत्येक कार्यक्रमाच्या आदल्या रात्री बॅटरी शाळेत भरतो, जीपची वीज ही वरकमाई. रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडू दिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि मग ती खरोखरच खराब होते. आदल्या वर्षी तसे झाले असणे शक्य आहे.

ज्यांच्या घरी नवी गाडी आहे त्यांच्यासाठी एक सूचना. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत, विशेषतः एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यानंतरच्या, संगणक इंधन वाचवण्यासाठी डायनामोचे विभवांतर मुद्दाम खाली आणतो. कधी ते १२.५ च्या जवळही येते. अशा गाडीमागे वायर कितीही जाड टाकली तरी मागची बॅटरी भरणार नाही. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर नावाची पेटी लागते, जी कमी विभवांतर घेऊन १४ च्या वर चढवून देते. ऑस्ट्रेलियात गाडीमागे फिरते घर जोडून हिंडणाऱ्या लोकांत ही पेटी आणि ५० अँपिअरचा करडा अँडरसन प्लग अगदी नेहमीचा झाला आहे.

घरी हात लावण्यापूर्वी मोठ्यांना बरोबर घ्या. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली तर स्फोट होतो. चष्मा लावा, हातातले कडे आणि अंगठी काढून ठेवा. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढा आणि बसवताना शेवटी लावा. उलट केले तर धन टोकाचा पाना चुकून चौकटीला टेकताच सगळी बॅटरी त्या पान्यातून धावते. मामांच्या अंगठ्यावरचा डाग त्यातलाच आहे, मुलांनी तो पाहिला.

माघ संपण्यापूर्वी आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. शनीची कडी, गुरूचे चंद्र, सगळे दाखवून झाल्यावर बॅटरी १२.३ दाखवीत होती. आजी या वेळी मागच्या रांगेत बसल्या होत्या, कारण पुढे त्यांच्या नातवंडांनी जागा धरली होती.

सोडवून पाहा आणि उत्तरे विज्ञान मंडळाच्या पेटीत टाका.

१. इंजिन सुरू असताना जीपच्या बॅटरीवर १४.० व्होल्ट, ट्रॉलीच्या बॅटरीवर १२.८ व्होल्ट. धन टोकापासून धन टोकापर्यंत १.० व्होल्ट. ऋण बाजूला किती असेल? धारा ५ अँपिअर असेल तर प्रत्येक वाटेचा रोध काढा. आधी कुठली वाट तपासाल?

२. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जायला १२ मीटर आणि यायला १२ मीटर वापरली. ६ अँपिअर धारेला वाटेत किती विभवांतर हरवेल?

३. सॉकेटवर मीटर १४.१ दाखवतो, पण तिथेच हेडलाइटचा बल्ब जोडला की तोच मीटर ९ दाखवतो. वायर पूर्ण तुटली आहे असे म्हणता येईल का? कारण लिहा.